अकराव्या रविवारचा लाल ठिपका

१

सकाळी सात वाजता वहिनींनी पिशवी कापली, आतलं पीट पसरट टबात झाडलं आणि त्यावर गार पाणी सोडलं. पीट ओतल्याओतल्या तळाशी बसलं. मग स्टूल ओढून त्या टबासमोर बसल्या. दुपारपर्यंत पहिलं पिल्लू दिसायला हवं होतं. पापणीच्या केसाएवढं, दोन डोळे आणि एक शेपूट, बस्स.

बारा वाजले, दोन वाजले, समोरच्या चहावर साय धरली. दुसऱ्या दिवशी सकाळीही टबात पाणी होतं, तपकिरी गाळ होता, आणि त्याखेरीज काहीही नव्हतं.

हे मासे जरा चक्रमच. किलीफिश त्यांचं नाव. नर असा की शेपूट लालभडक आणि अंगभर निळ्या खवल्यांची जाळी. मादी मात्र चिखलाच्या रंगाची. आटणाऱ्या डबक्यात राहायचं, चिखलात अंडी घालायची आणि डबकं सुकलं की मरून जायचं. अंडी महिनोन्‌महिने कोरड्यात पाण्याची वाट बघत पडून राहतात. घरी हेच नाटक पीटमध्ये करायचं. पीट म्हणजे दलदलीतली कुजकी, भुसभुशीत माती. ती अंड्यांसकट टाकीतून काढायची, पिळायची, पिशवीत बंद करायची, आणि ठरल्या तारखेला भिजवायची.

या पिशवीवरची तारीख वहिनींच्या नवऱ्याने लिहिली होती. तो घड्याळं दुरुस्त करायचा. सगळे त्याला घड्याळजी म्हणायचे. पिशवी बंद केल्यापासून सोळाव्या आठवड्यात तो वारला. पिशवीतली अंडी घालणारे मासे त्याच्याही आधी गेले. त्यांचं मूळ डबकं बुजवून त्यावर कधीच गोदाम उभं राहिलं होतं, आणि ज्या दोनचार घरांत हे मासे होते तिथले संपले होते. म्हणजे या लाल शेपटीच्या माशांचं जगात जे काही उरलं होतं, ते या पिशवीत होतं. नवऱ्याचं जे उरलं होतं तेही त्याच पिशवीत आहे, असं वहिनी धरून चालल्या होत्या.

अंडी फुकट जातात, असं होतं कधीकधी. म्हणून रडायच्या आधी त्यांनी घड्याळजीचं डोळ्याला लावायचं भिंग काढलं आणि चमचा चमचा गाळ पांढऱ्या बशीत घेऊन तपासला. मेलेलं अंडं पांढरं पडतं, त्याला बुरशी येते. कच्चं अंडं मधाच्या थेंबासारखं पारदर्शक राहतं. फुटलेल्या अंड्याचं टरफल उरतं. चार तासांत त्यांना यातलं काहीच सापडलं नाही.

"या पीटमध्ये अंडं कधी पडलेलंच नाही," त्या रिकाम्या खोलीला म्हणाल्या. "कोणीतरी बदललंय."

२

घड्याळजीची बायको म्हणून त्यांना सगळे वहिनी म्हणायचे, पण सत्तावीस वर्षं विमा कंपनीत त्यांची ओळख वेगळी होती. दावा खरा की खोटा हे त्या बघायच्या. पुरात भिजलेल्या गोदामात गेल्या की आधी भिंतीवरचा पाण्याचा डाग किती उंच आहे ते मोजायच्या, मग मालकाचं रडणं ऐकायच्या. कचेरीत त्यांना 'चिमटा' म्हणत. एकदा धरलं की सुटका नाही, म्हणून.

त्या चिमट्याने आता स्वतःचंच घर धरलं.

किलीफिशांची कामं नवराबायकोत वाटलेली होती. पिल्लांचं खाणं, पाणी बदलणं, अंडी भिंगातून मोजणं वहिनींकडे, पिशव्या घड्याळजीकडे. पातळ प्लास्टिकच्या लांब नळीतून तो पिशवी कापायचा. कामाच्या टेबलाच्या कडेला त्याने दोन ओरखडे मारून ठेवले होते, तेवढीच लांबी, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. मग तापलेल्या पात्याने खालून-वरून तोंड चिकटवायचा. आत, प्लास्टिकला टेकवून, कागदाची चिठ्ठी.

आणि दर रविवारी वजन. घड्याळाची चाकं तोलायच्या काट्यावर तो पिशवी ठेवायचा आणि आकडा वहीत टिपायचा. पातळ प्लास्टिकमधून ओल हळूहळू उडते; किती उडाली यावरून अंड्यांची तब्येत कळते. आकडा नेहमीपेक्षा जरा जरी हलला, तर समोर लाल ठिपका आणि शेजारी कारण. 'खिडकी उघडी राहिली.' 'काटा पुसला नव्हता.' बावीस वर्षांच्या वह्या अशा ठिपक्यांनी भरल्या होत्या. चौदाव्या रविवारी तो इस्पितळात गेला, तेव्हापासून वहीत अक्षर वहिनींचं होतं.

या पिशवीचं पान त्यांनी आता वरून खाली वाचलं. पहिल्या रविवारपासून दहाव्यापर्यंत दर आठवड्याला दोन दशांश ग्रॅम घट. अकराव्या रविवारी पाच दशांश. बाराव्याला पाच. तेराव्याला पाच. पुढे त्यांच्या स्वतःच्या अक्षरातही पाच. तेव्हा त्यांचं लक्ष आकड्यांत नव्हतं, इस्पितळाच्या जिन्यात होतं.

पिशवीची चाल अचानक बदलली, म्हणजे आतला माल बदलला. वजन जुळवलं होतं, पण ओल जुळली नव्हती. दहाव्या आणि अकराव्या रविवारच्या मधल्या आठवड्यात कुणीतरी अंड्यांचं पीट नेलं आणि तिथे कोरं, जास्त ओलं पीट ठेवलं.

घड्याळजी त्या आठवड्यात घरातच होता, खाटेवर. औषधांच्या वेळा मांडलेल्या कॅलेंडरवर वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्यांचीही नोंद करायच्या. सवय, दुसरं काय. त्या आठवड्यात डॉक्टर सोडून तीनच माणसं आली होती. मंगळवारी मुलगा. गुरुवारी टाकीवाला, म्हणजे माशांच्या दुकानाचा मालक. आणि शनिवारी मास्तर, तेही किली पाळणारे.

तीनपैकी एकाने मरणाऱ्या माणसाच्या उशापासून चोरी केली होती. आणि तिघांनाही वहिनींनी आपल्या हाताने चहा दिला होता.

३

"आई, तू माझा जबाब घेतेयस का?" मुलगा दारातच म्हणाला.

"बस. पाणी घे."

"घेतेयसच."

त्या माशांवरून दोघांचं वाजायचं हे खरं होतं. वहिनींनी घर बंद करून त्याच्याकडे राहायला यावं, असं तो चार महिने म्हणत होता. टाक्यांची खोली म्हणजे त्याच्या लेखी आईच्या पायातली बेडी.

"बाबा आजारी असताना मंगळवारी आलास. मी औषध आणायला गेले होते, तेव्हा टाक्यांच्या खोलीत गेला होतास?"

"गेलो होतो. बाबांनीच पाठवलं. नळीचं भेंडोळं, ते तापवायचं पातं आणि खालच्या फळीवरचा डबा आणून दे म्हणाले. मी म्हटलं, आता कशाला? तर म्हणाले, हात रिकामे राहिले की छातीत दुखतं."

"पिशवीला हात लावलास?"

मुलाने पेला बाजूला सरकवला. "तुला असं वाटतं, मी बाबांची शेवटची अंडी फेकून दिली?"

"मला काही वाटत नाही. मी विचारतेय."

"मला ते मासे आवडत नाहीत, आई. पण बाबा आवडायचे," तो म्हणाला, आणि पाणी न पिता उठला.

वहिनींना वाईट वाटलं. पण मुलगा सुटला तो त्याच्या डोळ्यांतल्या पाण्यामुळे नाही. डोळ्यांतलं पाणी त्यांनी आयुष्यभर बघितलं होतं. तो सुटला टबातल्या पाण्यामुळे. कोरडं पीट पाण्यावर तासन्‌तास तरंगतं; तळाशी बसतं ते आधी उकळून घेतलेलंच. हे किली पाळणाऱ्यालाच ठाऊक असतं. मुलाने फार तर कुंडीतली माती भरली असती. चोर जाणकार होता. आणि जाणकार दोनच उरले होते.

४

टाकीवाल्याच्या दुकानात पंपांची घरघर आणि चिंचोळ्या बोळीत दोन्ही बाजूंना टाक्या. वहिनी आत येताच त्याने स्टूल पुसलं.

"बसा काकू. किती निघाली?"

"एकही नाही."

त्याच्या हातातलं जाळं तसंच राहिलं. "अंडी पांढरी पडली होती की आत पिल्लांचे डोळे आले होते?"

"अंडीच नव्हती."

"म्हणजे?"

"म्हणजे पीट बदललेलं होतं. गुरुवारी तू आला होतास."

टाकीवाला चिडला नाही, हे वहिनींनी टिपलं. तो हसला, जरा कडवट. "मीच संशयित असणार ना. दुकानदार म्हटला की चोर. काकू, मी त्यांना त्या दिवशी हात जोडून म्हटलं होतं, अर्धी अंडी माझ्याकडे ठेवा. विकायला नाही, ठेवायला. सगळं एकाच घरात ठेवू नका. तर म्हणाले, दुकानात दिवसाला शंभर हात टाकीत जातात. मग मी म्हटलं, मग काकूंना तरी नीट समजावून ठेवा, उद्या वेळ आली तर त्याच भिजवतील."

"मग?"

त्याने नजर टाकीकडे वळवली. "जाऊ दे."

"बोल."

"म्हणाले, तिच्या हातून एकदा माद्या मिसळल्यात."

पंप घरघरत राहिले.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा घरात आणखी एक जात होती, पिवळ्या शेपटीची. दोन्ही जातींच्या माद्या दिसायला सारख्याच मातकट. मास्तरांकडून दोन बरण्या आल्या, वहिनींनी त्या टाक्यांत सोडल्या आणि चार महिन्यांनी पिल्लं निघाली ती धड लाल नाहीत की धड पिवळी नाहीत. लालची जुनी पिशवी शिल्लक होती, पिवळी शेपूट मात्र कायमची गेली. घड्याळजी 'असू दे' म्हणाला आणि पुन्हा कधी तो विषय निघाला नाही. वहिनींना वाटलं होतं, मोठ्या मनाचा माणूस आहे. घरात न बोललेली गोष्ट तो दुकानात बोलत होता, हे त्यांना आज कळत होतं.

"काकू, मी चोरली असती तर आज माझ्याकडे पिल्लं असती," टाकीवाला म्हणाला. "आणि पिल्लं असली की एक गोष्ट लपत नाही. आर्टेमियाची बाटली. दुकानभर बघा."

वहिनींनी खरंच बघितलं. नव्या पिल्लांच्या तोंडात मावेल असं एकच खाणं असतं. आर्टेमियाचे ठिपक्याएवढे किडे, उलट्या टांगलेल्या बाटलीत, बुडबुड्यांच्या पाण्यात रोज फुटवायचे. बाटली नारिंगी दिसते. ती दुकानात कुठेही नव्हती.

पण दुसरीकडे नक्की असणार होती.

५

मास्तर शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी बोलताना हातात खडू असल्यासारखी बोटं धरायचे. घड्याळजीचे ते बालमित्र. तो असताना आठवड्यातून दोनदा यायचे, तो गेल्यावरही दर रविवारी चौकशीला. गेले दोन रविवार मात्र आले नव्हते. गुडघा दुखतो, म्हणाले होते.

दार उघडायला ते भराभरा चालत आले.

"वहिनी? फोन करायचात ना, मीच आलो असतो."

"पिशवी भिजवली, मास्तर. काही निघालं नाही."

मास्तरांनी मान खाली घातली. "असं होतं हो कधीकधी. चांगली अंडीही दगा देतात. मनाला लावून घेऊ नका. तुमचा काही दोष नाही."

"मी कुठे म्हटलं माझा दोष आहे?"

"नाही, म्हणजे, आपलं सांगितलं."

ते पाणी आणायला आत गेले. वहिनींनी खोलीवरून नजर फिरवली. शेल्फवर मुरंब्याच्या बरण्या, प्रत्येकीत एकदोन मातकट माद्या, एकीवरही चिठ्ठी नाही. 'माझ्या डोक्यात आहे सगळं,' असं मास्तर अभिमानाने सांगायचे. चिठ्ठ्यांवरून घड्याळजी त्यांना किती बोलायचा. शेल्फच्या मागे, पडद्याआड, बुडबुड्यांचा बारीक आवाज येत होता. पडद्याच्या फटीतून एक उलटी बाटली दिसली. पाणी नारिंगी होतं.

वहिनींनी पाणी प्यायलं, गुडघ्याची चौकशी केली आणि बाटलीचा विषय न काढता बाहेर पडल्या.

बाटलीपेक्षा त्यांना दुसरीच गोष्ट बोचत होती. टाकीवाल्याने पहिल्या दमात विचारलं, अंडी पांढरी होती की डोळे आलेली. किली पाळणारा कुणीही आधी तेच विचारेल. चाळीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाने विचारलं नाही. कारण त्या पिशवीत अंडी नव्हती, हे त्याला माहीत होतं.

चोर सापडला होता. बावीस वर्षं घरात जेवलेल्या माणसाने केसाने गळा कापला होता.

फक्त एक गणित सुटत नव्हतं.

६

दुपारी त्यांनी कापलेली पिशवी टेबलावर पसरली. विमा कचेरीतला पहिला धडा, कसलाही तुकडा टाकायचा नाही. पिशवी कापताना वरची चिकटलेली पट्टीही त्यांनी बशीत ठेवली होती.

समजा, शनिवारी मास्तरांनी पिशवी उघडली आणि माल बदलला. मग ती पुन्हा चिकटवायला हवी, आणि चिकटवायची तर जुनी चिकटलेली पट्टी कापून टाकायला हवी. पिशवी बोटभर आखूड झाली असती. वहिनींनी पिशवी आणि पट्टी जोडून टेबलाच्या ओरखड्यांवर ठेवली. या टोकाला ओरखडा, त्या टोकाला ओरखडा. केसभर कमी नाही.

ही पिशवी कधी उघडलेलीच नव्हती. ती पहिल्यापासून खोटी होती. नवी नळी, नवा जोड, नवी चिठ्ठी. आणि चिठ्ठीवरचं अक्षर घड्याळजीचं होतं.

नळीचं भेंडोळं, पातं आणि उकळलेल्या पीटचा डबा मंगळवारी खाटेशी कुणी मागवला होता?

वहिनींनी वही पुन्हा उघडली. अकरावा रविवार. घट दुपटीहून जास्त. अक्षर नवऱ्याचं, थोडं थरथरतं, पण आकडा स्वच्छ. एका सेकंदाची चूक पकडणारा माणूस. खिडकी उघडी राहिली तर ठिपका देणारा माणूस. समास कोरा होता. लाल ठिपका नव्हता.

त्याला आश्चर्य वाटलंच नव्हतं.

आणि मग आठवलं. या वेळी तो म्हणाला होता, "ही पिशवी उजेडाला धरू नकोस हं. भिंगही लावू नकोस. तारखेपर्यंत हातच लावू नकोस." आधीच्या प्रत्येक पिशवीत अंडी शोधणं वहिनींचंच काम होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. चोर शोधायला त्या गावभर फिरल्या, मुलाला दुखावून आल्या, आणि चोर भिंतीवरच्या फोटोत बसला होता.

त्यांना खूप राग आला. मेलेल्या माणसावर राग काढायची सोय नसते, म्हणून त्या खुर्चीत बसून राहिल्या आणि मग रडल्या. तो गेला त्या दिवशीही त्या इतक्या रडल्या नव्हत्या.

७

"मास्तर, पडदा सरकवा."

मास्तरांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि पडदा सरकवला.

पांढऱ्या ट्रेमध्ये बोटभर पाणी होतं. तळाशी पिल्लं होती, सात किंवा आठ. वर येत नव्हती. पोटावर सरपटत, शेपटीने स्वतःला ढकलत होती, जरा उचलली की पुन्हा खाली पडत होती. फार लवकर भिजवलं की असं होतं. पोटातली हवेची पिशवी भरतच नाही. अशी पिल्लं जगत नाहीत.

"कधी भिजवलंत?"

"दोन आठवडे झाले. साठेक निघाली होती." मास्तर खाली बसले. "माझी खोली गरम. मला वाटलं, अंडी पिकली. भिंगातून मला आता नीट दिसत नाही, वहिनी."

"मला दिसतं."

"हो."

"त्याने काय सांगितलं होतं?"

"शनिवारी तुम्ही आत चहा करत होतात. त्याने उशीखालून पिशवी काढून दिली. म्हणाला, खरी तुझ्याकडे ठेव. तिच्याकडे दुसरी असू दे, तिला करमणूक हवी. काही निघालं नाही तर सांग, असं होतं कधीकधी. म्हणजे तिला वाईट वाटणार नाही. तुमच्या भल्यासाठीच होतं ते."

"दुधाने तोंड पोळलं म्हणून ताक फुंकून पीत होता, असंच ना? माद्या मिसळल्या म्हणून."

मास्तरांनी ट्रे उगाच जरा सरकवला.

वहिनींनी शेल्फकडे पाहिलं. "त्या दोन बरण्या कुठल्या जातीच्या?"

"ही माझ्या जुन्या जातीची. आणि ती..." त्यांनी डावीकडची दाखवली, "तीही तीच."

वहिनींनी पर्समधून भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि डाव्या बरणीपाशी वाकल्या. मग उजव्या बरणीपाशी. मादी मातकट असते हे खरं, पण बावीस वर्षं रोज खायला घालणाऱ्या बाईला मातकटही एकसारखं दिसत नाही. डावीकडच्या मादीच्या शेपटीच्या मुळाशी राखाडी ठिपका होता. उजवीच्या नव्हता.

"वेगळ्या आहेत, मास्तर."

"असं?"

"चिठ्ठी का नाही लावत तुम्ही?"

"डोक्यात असतं माझ्या..." आणि मास्तर मध्येच थांबले.

वहिनींनी भिंग काढलं. आवाज चढवला नाही. दाव्यांच्या चौकशीत कधीच चढवला नव्हता. "अकरा वर्षांपूर्वी तुमच्याकडून दोन बरण्या आल्या. दोन्हींवर चिठ्ठी नव्हती. तुम्ही म्हणालात, डावी लालची, उजवी पिवळीची. मी डावी लालमध्ये सोडली आणि उजवी पिवळीत. माझा हात चुकला, असं मी अकरा वर्षं समजतेय. बरण्या भरल्या कुणी होत्या?"

बाटलीतले बुडबुडे वर जात राहिले.

"दुसऱ्या दिवशीच कळलं होतं मला," मास्तर म्हणाले. "घरी उरलेल्या माद्या बघितल्या तेव्हा. मी उलट्या भरल्या होत्या. सांगणार होतो. पण पिल्लं निघेपर्यंत वाटलं, निभावून जाईल. आणि मग घड्याळजीने विचारलं, तेव्हा तोंडातून निघून गेलं, वहिनींनी डावी-उजवी केली असेल."

"आणि त्याने मानलं?"

मास्तरांनी जमिनीकडे बघत मान डोलावली.

"किती वेळाने?"

"लगेच," मास्तर म्हणाले.

वहिनींना वाटलं होतं, बरण्यांची गोष्ट जास्त लागेल. लागला तो हा शब्द. बत्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला घडीभर थांबून बायकोला एक प्रश्न विचारावासा वाटला नव्हता. आणि त्या लबाडीवर विसंबून त्याने शेवटची अंडी नेमकी लबाडाच्याच हातात दिली होती.

८

"पीटचं काय केलंत?" त्यांनी विचारलं.

"कुठलं?"

"भिजवलेलं. पिल्लं काढून घेतल्यावर उरलेलं."

"डब्यात आहे. कुंडीत टाकणार होतो."

डबा गॅलरीत होता. वहिनींनी चमचाभर पीट बशीत घेतलं, उजेडात धरलं, भिंग लावलं. किली पाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असलेली आणि घाईत प्रत्येक जण विसरणारी एक गोष्ट आहे. पहिल्या पाण्याला सगळी अंडी फुटत नाहीत. डबक्यात एखादी सर येते आणि डबकं पुन्हा आटतं. तेव्हा सगळीच बाहेर आली असती तर वंश बुडाला असता. म्हणून काही अंडी पाणी लागलं तरी झोपूनच राहतात.

मधाच्या थेंबासारखं एक दिसलं. बाजूला दुसरं. वहिनींनी सतरापर्यंत मोजली आणि मग मोजायचं थांबवलं, कारण भिंगाची काच धूसर झाली होती.

"डबा मी नेतेय."

"न्या. वहिनी, मी रविवारी येऊ? मदतीला?"

"नको."

"मग कधी?"

वहिनींनी चपला घातल्या. "आधी बरण्यांना चिठ्ठ्या लावा, मास्तर. मग टाकीवाल्याला जाऊन सांगा, माद्या कुणी मिसळल्या होत्या. तिथे माझं नाव खराब झालंय, ते तिथेच निस्तरा." जिना उतरताना त्यांनी मुलाला फोन लावला आणि त्याने उचलल्याबरोबर म्हणाल्या, "माझं चुकलं रे. तुला विचारलं ते बरोबर होतं, पण पाणी प्यायच्या आधी विचारायला नको होतं."

"आई, काय झालंय?"

"सांगते. संध्याकाळी ये. आणि घर बंद करायचा विषय आता दोन महिने काढू नकोस, मला काम आहे."

घरी येऊन त्यांनी पीट पिळलं, कागदावर पसरून बोटांना जेमतेम ओल लागेल इतकं सुकवलं. नळी ओरखड्यांवर ठेवून कापली. पातं तापवून तोंड चिकटवलं. जोड वाकडा आला, पण धरला. चिठ्ठीवर जात लिहिली, बुजलेल्या डबक्याची खूण लिहिली, दोन महिन्यांनंतरची तारीख घातली, आणि 'कुणी ठेवली' या ओळीत, जिथे बावीस वर्षं नवऱ्याची सही असायची, तिथे स्वतःची केली.

मग पिशवी काट्यावर ठेवली. आकडा वहीच्या नव्या पानावर टिपला.

वही मिटताना त्यांचा हात थांबला. पानं मागे उलटून त्या अकराव्या रविवारपाशी आल्या. खणातला लाल पेन वाळला होता. वर्तमानपत्राच्या कडेला चारदा घासावा लागला तेव्हा कुठे उमटला. नवऱ्याने कोऱ्या सोडलेल्या समासात त्यांनी ठिपका दिला. शेजारी कारण लिहायची पद्धत होती. त्यांनी लिहिलं, 'विचारलं नाही.'

ठिपका जरा मोठाच पडला होता. वाळेपर्यंत त्यांनी वही उघडी ठेवली आणि बाकीच्या माशांच्या टाक्यांचं पाणी बदलायला उठल्या.